उशीर झालेलं पुस्तक

सकाळी चहा उकळायला लागला की सुगुणनचा फोन वाजायचा. मेसेज वाचनालयाचा असायचा. एखाद्या दिवशी म्हणायचा, "पुस्तक तुमच्याकडे फार दिवस मुक्कामाला आहे. त्याला जेवायला घालता ना?" दुसऱ्या दिवशी, "वाचून झालं असेल तर आणून द्या. झालं नसेल तर उशाखालून काढा आणि वाचा." आणि अधूनमधून एक साधासा यायचा: "आम्ही वाट बघतोय. अजून रागावलो नाही."

हा शेवटचा आला की सुगुणन चहा विसरायचा.

ही वाक्यं त्याच्या बायकोची, तंकमणीची होती. केरळातल्या पय्यन्नूरजवळच्या त्यांच्या गावात वाचनालयाचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा, तो तिने लिहिला होता. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, कुणाला हवंय, कुणी उशीर केलाय, सगळं त्यात. शाळेत गणित शिकवता शिकवता ती प्रोग्राम लिहायची रूबी नावाची भाषा शिकली आणि सुट्टीत बसून तिने हे उभं केलं. सुगुणन टेलिफोन खात्यातला माणूस. मशीन सांभाळायचं काम त्याचं. "लिहायचं मी आणि पुसायचं तुम्ही," असं ती म्हणायची.

वारण्याआधी तिने वाचनालयातून त्याच्या नावावर एक पुस्तक आणलं होतं, मधमाश्या पाळण्याचं. "रिटायर झालात. आता माश्या पाळा, म्हणजे माझं डोकं खायचं थांबवाल." ते पुस्तक त्याने परत केलं नाही. माश्या पाळायच्या नव्हत्या. पुस्तक घरात होतं तोवर मेसेज येत होते, एवढंच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखंही नव्हतं.

मग वाचनालयाचं जुनं मशीन बंद पडलं. सहकारी दूध संस्थेने आपल्या नव्या मशीनवर जागा दिली. सुगुणनने प्रोग्राम तिकडे हलवला, आणि तो उघडेना. ब्राउझरमध्ये नुसतं एररचं पान. सकाळी चहा उकळायचा आणि फोन गप्प.

कारण त्याला ठाऊक होतं. नव्या मशीनवर नवी रूबी होती. तंकमणीने लिहिलं तेव्हाची रूबी आता म्हातारी झाली होती, आणि नवीला तिच्या कितीतरी ओळी कळतच नव्हत्या.

वाचनालयाचा सेक्रेटरी प्रेमराजन घरी आला. तांदळाचा वाफवलेला पुट्टू खाता खाता, थोरल्या भावाला म्हणावं तसा म्हणाला, "सुगुणेट्टा, रविवारी कमिटी आहे. तयार सॉफ्टवेअर मिळतंय. जिल्ह्यात सगळे तेच वापरतात."

"रविवारपर्यंत थांब."

"थांबलोच आहे की. सजिता घरोघर पुस्तकं देते, नोंद करायला जागा नाही. कालपासून हातावर पेनाने लिहितेय. आंघोळ केली की वाचनालय साफ!"

"मी चालू करतो म्हटलं ना."

प्रेमराजनने केळं सोललं. जरा वेळाने हळू आवाजात म्हणाला, "तंकमणीचेचीचं आहे म्हणून मलाही वाईट वाटतंय, एट्टा. पण मला सभासद ओरडतात. त्यांना मी काय सांगू?"

"रविवारपर्यंत," सुगुणन म्हणाला.

त्याने जुनी रूबी आणली आणि नवीच्या शेजारी, मशीनवरच्या आपल्या लॉगिनच्या खात्यात बसवली. प्रोग्रामला लागणारे बाकीचे तुकडे तिच्यासाठी पुन्हा जुळवून घेतले. काळ्या पडद्यावर आवृत्ती विचारली. जुनी आहे, असं उत्तर आलं. स्वतःच्या हाताने प्रोग्राम सुरू केला, तर तो लगेच उठून बसला. त्याला इतका आनंद झाला की त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, आणि हाक मारल्यावर उगाच खुर्ची सरकवली.

पण वेब सर्व्हरमधून, म्हणजे बाकी सगळे बघतात तसं, बघावं तर तेच एररचं पान.

पुन्हा आवृत्ती विचारली. जुनीच. पुन्हा पान उघडलं. चूक. मशीन बंद करून चालू केलं. चूक. दोन दिवस त्याने हेच केलं. जे त्याच्यासमोर बरोबर चालत होतं, ते बाकी कुणाला दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चिडून त्याने सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्ये, अगदी वरती, जुन्या रूबीचा पत्ता लिहून टाकला. आणि वाचनालय उघडलं! तंकमणीने निवडलेला तो आंब्याच्या कोवळ्या पानाचा रंग, मधोमध तिची पाटी, "चपला बाहेर, आवाज बाहेर, बाकी सगळं आत." तो बघत बसला.

फोन वाजला. दूध संस्थेतून क्लार्क बोलत होता.

"सुगुणेट्टा, मशीनला काय केलंत? आमची साइट मेली. सकाळचं दूध आलंय, नोंदवायचं कुठे? बायका कॅन घेऊन दारात उभ्या आहेत, मला शिव्या देतायत!"

"माझ्याकडून झालं ते. आत्ता पूर्ववत करतो."

"वाचनालयासाठी आमच्या गायी आटवू नका म्हणजे झालं!"

दूध संस्थेचा प्रोग्राम नव्या रूबीत लिहिलेला होता. त्याने सगळ्या मशीनला मागच्या काळात ओढून नेलं होतं. वरची ओळ त्याने पुसली. दूध चालू झालं आणि आंब्याचं पान गेलं.

दुपारी तो अंगणात काजूच्या झाडाखाली बसून राहिला. झाडाला मोहोर धरायला अजून वेळ होता. तंकमणी असती तर म्हणाली असती, आधी त्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. तिचं नेहमीचं होतं ते. मुलं गणित चुकली की ती उत्तर नाही सांगायची, प्रश्न वाचायला लावायची. सुगुणनने आठवून पाहिलं. एररचं पान त्याने इतक्यांदा उघडलं होतं, पण वरची लाल ओळ बघून दर वेळी बंद केलं होतं.

तो आत गेला आणि पान खालपर्यंत वाचलं. तळाला सगळं लिहिलेलं होतं. कोणती रूबी चालवली: नवी. कोणाच्या नावाने चालवली: सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याच्या, सुगुणनच्या नाही.

म्हणजे हे असं होतं तर. जुनी रूबी त्याने आपल्या खात्यात आपल्यापुरती लावून घेतली होती. तो विचारायचा तेव्हा त्याला तीच दिसायची. सर्व्हर त्याच्या खात्यात राहत नव्हता. त्याला कुणी पूर्ण पत्ता दिल्याशिवाय तो मशीनची नवी रूबीच उचलणार. आणि तो पत्ता द्यायचा तर सगळ्यांच्या वरती नाही, फक्त त्या फाइलमधल्या वाचनालयाच्या भागात.

त्याने आधी जुनी रूबी आपल्या खात्यातून काढून सर्व्हरला वाचता येईल अशा जागी ठेवली. मग वाचनालयाचा भाग उघडला आणि आत एक ओळ लिहिली: जुन्या रूबीचा पत्ता, पहिल्या तिरक्या रेघेपासून शेवटपर्यंत. फाइल तपासून घेतली. सर्व्हर पुन्हा चालू केला.

दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत दूध, एकीत आंब्याचं पान.

प्रेमराजनला फोन केला. तो म्हणाला, "चालू झालं? खरंच? सजिताला सांगतो, हात धुवायच्या आत नोंदी करून टाकेल." मग विचारलं, "किती दिवस चालेल, एट्टा?"

सुगुणन खोटं बोलला नाही. "ही रूबी आता कुणी दुरुस्त करत नाही. एखादं वर्ष निघेल. तोवर कमिटीला तुमचं ते दुसरं बघू दे."

"मग तोवर हेच," प्रेमराजन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहा उकळला आणि फोन वाजला. सुगुणनने गॅस बंद केला, हात पुसले, मग वाचलं.

"हे पुस्तक दुसऱ्या कुणाला हवं आहे. आता मात्र आम्ही रागावलो."

हे वाक्य त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्याने सजिताला फोन लावला.

"नबीसाताईंना हवंय," सजिता म्हणाली. "पंचायतीने त्यांना माश्यांच्या पेट्या दिल्यात. काजूला मोहोर यायच्या आत शिकून घ्यायचंय म्हणतात. कधीपासून मागे लागल्यात, पण सिस्टीम बंद, नोंद कुठे करू? काल सगळी साठलेली मागणी टाकली." मग म्हणाली, "मी येऊन घेऊन जाऊ का, एट्टा?"

"नको. मीच आणतो."

पुस्तक उशापाशीच होतं. आत तंकमणीने खूण म्हणून बसचं तिकीट ठेवलं होतं. ते त्याने काढून खिशात घातलं.

वाचनालयात पंखा चालू होता आणि दोन म्हातारे एकाच पेपरची पानं वाटून वाचत होते. सजिताने पुस्तक हातात घेतलं आणि नंबर टाकला. पडदा त्याच्याकडे वळवत म्हणाली, "बघा, झालं."

पडद्यावर होतं: "पोचलं. आता रिकाम्या हाताने घरी जाऊ नका."

सुगुणन पडद्याकडे बघत राहिला.

"हे सगळ्यांनाच येतं," सजिता म्हणाली. "तुम्ही कधी पाहिलं नाही?"

"माझी पुस्तकं तीच इथे परत करायची."

सजिताने पडदा परत फिरवला नाही. तसाच राहू दिला. पेपरमागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "सुगुणा, माश्या पाळल्यास की नाही?"

"एक पण नाही."

"मग इतके दिवस काय केलंस त्या पुस्तकाचं?"

सुगुणन कपाटांकडे गेला, एक रांग बघितली, दुसरी बघितली आणि परत आला.

"सजिता, तूच एखादं काढून दे. जाड असू दे."

"किती जाड?"

"उशीर होईल एवढं," तो म्हणाला. "आणि दुसरं कुणी मागणार नाही असं."