चार सेल

१९९१ सालची गोष्ट. नाशिकमधल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संघात मी हेडक्लार्क होते. कॉम्प्युटर एकच होता आणि तो चालवायची बावीस वर्षांची तृप्ती. सभासदांच्या अकराशे बागांची माहिती तिनेच त्यात भरली होती. खोलीची किल्लीही तिच्याकडेच असे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती खोली उघडून देऊन हार आणायला गेली. शिपाई गोटीरामने टाइपरायटर पुसले, मग कॉम्प्युटरची पेटी उघडली.

"मॅडम, ह्यात पण सेल हायेत. चार. टॉर्चसारखे काढून ठेवू?"

"काढ. पाणी सुटलं तर मशीन खराब होईल," मी म्हणाले.

दसऱ्यानंतर त्याने सेल परत बसवले. तृप्तीने बटण दाबलं, तर पडद्यावर तारीख १ जानेवारी १९८० आणि मशीनच्या भागांच्या यादीत हार्ड डिस्क नाहीच. सगळ्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या.

अध्यक्ष वाल्मीकअण्णा धावत आले. "मशीन कशाला खोटं सांगंल? किल्ली तुझ्याकडं. वस्तू गेली कुठं?"

"अण्णा, मी काय डब्यातून नेली?"

"मग उघड डबा!"

सगळ्यांसमोर तिने डबा उघडला. पोळी आणि गवारीची भाजी. ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले, तिच्या आईपाशी बसले.

आठ दिवसांनी पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने पेटीत नुसतं डोकावलं.

"डिस्क इथंच आहे की! आपल्यात काय काय बसवलंय, ते हे मशीन या सेलवर लक्षात ठेवतं. सेल काढले की विसरतं." त्याने डिस्कवरच्या चिठ्ठीवरून तिच्या प्रकाराचा सतरा हा क्रमांक मशीनमध्ये भरला. अकराशे नावं परत दिसली. "सेल कोणी काढले होते?"

गोटीरामने माझ्याकडे पाहिलं.

"उतरले असतील आपोआप," मी म्हणाले.

अण्णांनी तृप्तीला निरोप धाडला, पण ती परत आली नाही. तोवर लासलगावला ठरलेलं तिचं लग्न मोडलं होतं.

अण्णा २००३ साली गेले. गोटीराम हरसूलला शेती करतो. तो कधी कोणाला काही बोलला नाही. मी निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. तृप्ती दिंडोरीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिने लग्न केलं नाही. भेटली की वाकून नमस्कार करते आणि सोबतच्यांना सांगते, "तेव्हा माझ्या बाजूने एकट्या याच होत्या."