जुन्या वेशीचा आड

आमच्या तलावाखाली जुनं गाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं, गाव उठलं आणि वरच्या माळावर जसंच्या तसं बसलं. त्याच आळ्या, तेच शेजारी, तीच भांडणं. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. पण गावाचा इतिहास लिहिला मी, पुस्तक छापलं मी आणि त्यात जुन्या गावाचा नकाशाही काढला मीच. शाळेत मास्तर आहे. कुणी मध्येच शहाणपण शिकवलेलं मला खपत नाही.

यंदा मे महिन्यात तलाव पार आटला आणि गाळ काढायचं ठरलं. भीती होती ती वेशीबाहेरच्या आडाची. गाव उठताना गुरं पडू नयेत म्हणून त्याच्यावर दगडी फरशा टाकल्या होत्या. वर गाळ, खाली खोल पोकळी. भरलेली ट्रॉली त्यावरून गेली तर संपलंच. सरपंच हनुमंतरावांनी माझा नकाशा मागवला. वेशीच्या पायाचे दगड गाळातून वर आलेच होते. मी त्यांच्या उत्तरेला लाल झेंड्या रोवल्या आणि ट्रॅक्टरना दक्षिणेची वाट दिली.

तेवढ्यात लंकाबाई काठी टेकत आली. ऐंशीची म्हातारी. तिची नातसून ज्योती ट्रॅक्टर चालवत होती.

"मास्तर, आड हिकडं न्हाई. तिकडं हाय." तिनं ट्रॅक्टरच्या वाटेकडं काठी केली.

"आजी, नव्या गावात आड वेशीच्या उत्तरेलाच आहे ना? जुन्यासारखाच खोदलाय तो."

"ते उत्तर-बित्तर मला कळत न्हाई. सकाळी हंडा घिऊन वेशीभाईर पडलं की ऊन तोंडावर यायचं. मग उजव्या हाताला आड."

लोक हसले. मीही हसलो. "आजी, सावलीत बसा बघू."

ती बसली नाही. जेसीबीनं ज्योतीची ट्रॉली भरली, ज्योतीनं पदर खोचला आणि ट्रॅक्टर निघाला.

ऊन तोंडावर. हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलं कसलं, मीच लिहिलं होतं. पान अकरा: जुन्या वेशीचं तोंड पूर्वेला. नवी वेस मात्र रस्त्यासाठी पश्चिमेला काढलेली. म्हणजे बाहेर पडल्यावर उजवा हात नव्या गावात उत्तरेला आणि जुन्या गावात दक्षिणेला. ज्योतीचा ट्रॅक्टर आडाकडंच चालला होता.

आता खरं सांगतो. मी लगेच ओरडलो नाही. समोर चाळीस माणसं, सरपंच, माझेच जुने विद्यार्थी. एकदा नीट आठवून बघू, असं मी स्वतःला म्हणालो. ट्रॅक्टर दहा-बारा पावलं पुढं सरकला.

लंकाबाईनं काठी टाकली आणि ती वाटेकडं धावायला लागली. ऐंशीची बाई. तेव्हा कुठं माझे पाय हलले.

"ज्योती, थांब! उतर खाली!"

तिनं ब्रेक दाबला. काडकन आवाज झाला, पुढचं चाक खचलं आणि ज्योतीनं मागे उडी घेतली. फुटलेल्या फरशीचा तुकडा आत गेला. तो तळाशी आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"मास्तरांमुळं पोरगी वाचली," हनुमंतराव म्हणाले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

लंकाबाईनं ज्योतीच्या तोंडावरून, हातांवरून हात फिरवला. मग ती माझ्याजवळ आली. आई गेल्यापासून मला नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"श्रीमंता," ती हळूच म्हणाली, "तुला आदीच कळलं हुतं ना?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही, अजूनही नाही. ज्योती मात्र जाता-येता भेटली की माझ्या पाया पडते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.