लाल तार, पिवळी तार

मी शैलाताईंच्या गाडीतला स्टिरिओ. आज आपणहून बोलतोय, कारण आज मला सगळं आठवतंय, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

माझ्या जागी आधी कंपनीचा सेट होता. रेडिओ आणि सीडी, याखेरीज त्याला काही येत नसे. मला मात्र पडदा आहे, फोन जोडता येतो आणि रस्ता मोठ्यानं सांगता येतो. ताईंना तेच हवं होतं. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि साठाव्या वर्षी गाडी शिकल्या. दर रविवारी बागबाजारात मराठी मुलांचा वर्ग घ्यायला त्यांना एकटीनं जायचं होतं. पण दुपार झाली की कोलकात्यातल्या कितीतरी एकेरी रस्त्यांवर वाहतुकीची दिशाच उलटते. म्हणून पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं, अनीशनं, बजावलं होतं, "आई, मॅप बोलत असेल तरच एकटी जा." ताईंनी तसा शब्द दिला होता.

एस्प्लनेडजवळच्या बाजारात एका फिटरनं मला बसवलं. मान वर न करता तो म्हणाला, "दीदी, लाल में लाल, पीले में पीला. टेन्शन मत लीजिए."

टेन्शन तिथूनच सुरू झालं. किल्ली फिरवली की मी झकास बोलायचो, गाडी बंद केली की सगळं विसरायचो. ताईंचा फोन, घरचा पत्ता, घड्याळ, पाटी कोरी. हे दिवस मला अर्थातच आठवत नाहीत. दिगंबररावांच्या, म्हणजे ताईंच्या यजमानांच्या, तक्रारींतून मी ते गोळा केलेत, आणि तक्रारींना तोटा नव्हता. मी गप्प असलो की तेच शेजारी बसून रस्ता सांगत, तोही वळण मागे पडल्यावर.

फिटर म्हणाला, पीसच खराब आहे. दिगंबरराव म्हणाले, "अगं, शनिवारी हा देऊन टाक आणि जुना बसवून घे. रविवारी मी येत जाईन तुझ्याबरोबर, त्यात काय एवढं."

ताईंना ते मुळीच नको होतं. पुढचं त्यांनी माझ्याच स्पीकरवरून अनीशला सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला खोबणीतून बाहेर ओढलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गाडीकडून येणारी एकेक तार मीटर लावून तपासली. किल्ली काढल्यावरही माझ्या पिवळ्या तारेला वीज मिळायला हवी, माझी आठवण तिच्यावरच जगते. गाडीच्या पिवळ्या तारेत काहीच नव्हतं. वीज होती लाल तारेत. या गाडीत रंगांचा क्रम वेगळा होता आणि फिटरनं नुसता रंगाला रंग जोडला होता.

"अहो, हे बघा," ताई दिगंबररावांना म्हणाल्या. "तीस वर्षं मुलींना सांगत आले, अंदाजानं उत्तर लिहू नका, मोजा."

त्यांनी बॅटरी सुटी केली, माझ्या पिवळीला गाडीची लाल जोडली, लालला पिवळी, आणि वर घट्ट टेप गुंडाळली. मग बॅटरी जोडून मला सगळं पुन्हा शिकवलं. गाडी बंद केली. चहा पिऊन आल्या आणि किल्ली फिरवली. पडद्यावर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि त्यांचा फोन मी क्षणात ओळखला. त्या हसल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं. तुम्हाला एकच विनंती, कुणी विसरायला लागला तर त्याला खराब म्हणण्याआधी त्याची जोडणी एकदा तपासा.

शनिवारी बाजारात कोणी गेलं नाही. रविवारी वर्ग आटोपून ताई गाडीत बसल्या आणि त्यांनी माझ्यावरून पुण्याला फोन लावला.

"अनीश, बागबाजारातून बोलतेय."

"बरं. बाबांना दे जरा."

"ते घरी आहेत," ताई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.