वर्गात ओळख नको

आईने पंचेचाळिसाव्या वर्षी एम.टेक.ला प्रवेश घेतला तेव्हा सगळ्या नातेवाइकांना कौतुक वाटलं. धसका घेतला तो फक्त लेकाने, कारण ती त्याच्याच वर्गात येणार होती. वीस वर्षं पुलांच्या कामावर घालवून तिला आता पुलांचे आराखडे करायचे होते, आणि ही पदवी असल्याशिवाय ते काम मिळत नव्हतं. लेक शिकत होता तो नोकरी मिळाली नाही म्हणून. आता यात लाजायचं कुणी, तुम्हीच सांगा! पण शहाण्याने पहिल्याच दिवशी आईला बजावलं, "हे बघ, कॉलेजात ओळख दाखवायची नाही. पोरं मला जगू देणार नाहीत."

"बरं," आई म्हणाली, आणि दोघं वेगवेगळ्या बसने जायला लागली.

वर्गात पोरं तिला 'काकूबाई' म्हणत. लेक वहीत डोकं घालून बसे. एकदा तर तो त्यांच्याबरोबर हसलासुद्धा.

प्रयोगशाळेत लोखंडी तुळई वजनाने किती वाकते ते मोजायचं होतं. जोड्या लावता लावता सर थांबले. "तुमचं दोघांचं आडनाव एकच दिसतंय. नात्यातले का?"

सगळा वर्ग बघायला लागला. हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण लेक बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"नाही सर," आईच म्हणाली. "आडनावं काय, कितीतरी जुळतात."

सुटलो, असं त्याला वाटलं, पण क्षणभरच. मग कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागितलं होतं तेच तर तिने दिलं होतं.

सरांनी नेमकी त्या दोघांचीच जोडी लावली. आई तुळईखाली वाकून वाक मोजणाऱ्या डायलचा काटा शून्यावर आणत होती, आणि लेक खिसे चाचपत होता. कॅल्क्युलेटर घरी टेबलावरच राहिला होता. आईने पिशवीत हात घालून तोच बाहेर काढला. त्याने शाळेत असताना चिकटवलेलं विमान अजून झाकणावर होतं.

"माझ्याकडे जास्तीचा आहे," ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली. "घ्या तुम्ही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आता तरी 'आई' म्हणावं, मोठ्याने, सगळ्यांदेखत. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मित्राने वळून पाहिलं.

"थँक्यू, मॅडम," लेक म्हणाला.

आईने मान हलवली आणि पहिलं वजन टांगलं. "किती झालं, वाचा," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले होते. त्याला काटा दिसेना.