क्लॅप न दिलेलं हसू

आत. दुपार. वागळे इस्टेट.

पूर्वी इथे स्क्रू बनायचे, आता गोष्टी बनतात. गाळ्याच्या भिंतींना आतून काळा फोम लावलाय. शेजारच्या गाळ्यात मात्र प्रेस मशीन अजून चालतं. त्याचा ठोका पडला की चित्राच्या मॉनिटरवरची माणसं किंचित हलतात. मेलेलीसुद्धा.

चित्रा एडिटर आहे. डोंबिवलीहून शीळ फाट्यामार्गे बसने येते. बसमध्ये डोळे मिटते आणि इथे उघडते, म्हणजे मधला रस्ता तिच्या लेखी कापलेला. आजवर जाहिराती कापल्या. आता जुन्या मासिकांतल्या विचित्र कथांवर टीव्हीची मालिका होतेय, दर रविवारी एक कथा, आणि त्यातली ही पूर्णपणे तिच्या हातात दिलेली पहिलीच.

कथा अशी.

आत. कथेतलं घर. वेळ ठरलेली नाही.

एक म्हातारी मरते. तेरावं झाल्यावर सकाळी दारात येऊन बसते, नेहमीसारखी, गुडघ्यावर हनुवटी टेकून. तुम्ही मेलात, असं तिला कोणी सांगत नाही. तिला वाईट वाटेल. ताट वाढतात. ती जेवत नाही, पण मीठ कमी आहे म्हणते. असे दिवस जातात. मग एकदा धाकटी सून भाजी निवडता निवडता बोलून जाते, "सासूबाई असत्या तर..."

त्यापुढे लेखकाचं शेवटचं वाक्य: म्हातारीने त्यावर काय केलं, ते दाराने पाहिलं.

संपली कथा.

आता हे टीव्हीवर कसं दाखवायचं? दिग्दर्शक सुदेशने म्हातारीला रडवून पाहिलं. उठून जायला लावलं. धुरात विरवलं, तर धूर इतका झाला की सूनही विरली. काहीच खरं वाटेना. मग सगळं फुटेज चाळताना चित्राला शेवटी एक सुटा तुकडा सापडला. त्याला क्लॅप दिलेला नव्हता, म्हणजे सुरुवातीला पाटीवर शॉटचा नंबर नव्हता. म्हातारी दारात बसलेली. ती मान वर करते, थेट आपल्याकडे बघते, आणि हसते. लाजल्यासारखी. कुठून तरी सुटून आल्यासारखी.

चित्राने तो तुकडा शेवटी जोडला. सुदेश बघतच राहिला. "च्यायला, हे मी कधी घेतलं?" आणि त्याने चॅनेलला कळवून टाकलं, शेवट मिळाला.

अडचण एकच. हसण्यामागे युनिटच्या टाळ्या ऐकू येत होत्या. म्हणून ते हसू नव्याने डब करायला, म्हातारीचं काम केलेल्या मनुबाईंना बोलावलं.

आत. तीच दुपार, थोडी पुढे.

मनुबाई चेंदणी कोळीवाड्यातून रिक्षाने आल्या. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचे बांबू रस्त्यात आडवे, म्हणून उशीर. आल्या आल्या एसीकडे बघून पदर कानांवरून घेतला.

"काय गो, मासली ठेवतेस काय हितं?"

"मशीन तापतात, मावशी."

"आन् मानसं?"

मनुबाई बरीच वर्षं मरताहेत. मालिकांत मेलेली आई लागली की त्यांना बोलावतात. कधी खाटेवर मरायचं, कधी नुसता फोटो. "सगल्या महाराष्ट्राच्या भिंतीवर मी हार घालून हाय," त्या चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाल्या. "सूनबाई बोलते, मामी, टीव्ही लावायला भीती वाटते, न जानो कवा तुमचा फोटू येल."

रेकॉर्डिस्ट जेवायला गेला होता. चित्रा म्हणाली, तोवर बघून घ्या, काय करायचंय ते. तिने शेवट लावला.

सून बोलली. दार दिसलं. म्हातारीने मान वर केली. हसली.

मनुबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"ह्यो काढ."

"आवाज काढायचाच आहे, मावशी, त्या टाळ्या—"

"आवाज नाय. ह्यो काढ. ह्यो तुमचा नाय, माझा हाय."

आत. चित्राला माहीत नसलेलं.

पडद्यावर जो मरतो, त्याने शेवटचा शॉट झाला की मेकअप न पुसता कॅमेऱ्यात बघून हसायचं. म्हणजे कॅमेऱ्याला कळतं, माणूस जिवंत आहे, हे आपलं खेळातलं होतं. युनिट टाळ्या वाजवतं. क्लॅप देत नाहीत, कारण तो शॉट नसतो. तो कोणी वापरत नाही. जाहिरातींत कोणी मरत नाही, म्हणून चित्राला हे ठाऊक नव्हतं. सुदेशला ठाऊक होतं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. पण पडद्यावर ते इतकं छान दिसलं की तो विसरला, किंवा विसरायचं त्याने ठरवलं.

आत. पुन्हा.

"माझा मालक, गोमाजी. मासली कमी जाली तसा तो पन यायचा शूटिंगला, गर्दीत उभा र्‍हायला. एकदा त्याला मढं केला. तिरडीवर. उजेड गेला म्हनून घाईत पॅकअप. हसायचा र्‍हायला." मनुबाई मॉनिटरकडे न बघता बोलत होत्या. "त्याच साली गेला."

"मावशी, पण..."

"डायबिटीस होता त्याला. मना म्हाईत हाय ना. पाय कापलेला. मी येडी नाय." त्यांनी पदर पुन्हा कानांवर ओढला. "पन हसलेला पन नव्हता."

प्रेस मशीनचा ठोका पडला. पडद्यावरची म्हातारी हसता हसता हलली.

चित्रा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. हे किती सुंदर दिसतंय, हे तिने सांगून पाहिलं. ज्या शेवटापाशी सगळे अडले, तो तुमच्या चेहऱ्यावर आहे, लोक वर्षानुवर्षं विसरणार नाहीत. मनुबाई मान डोलवत ऐकत होत्या, दुसऱ्याच्या घरचं लग्न ऐकावं तशा.

"मग आपण दुसरं हसू घेऊ," चित्रा म्हणाली. "आत्ता, माझ्या फोनवर. ते तुमचं. हे एपिसोडचं."

मनुबाईंनी खरंच प्रयत्न केला. दात दिसले. डोळे जागचे हलले नाहीत. त्यांनी हातानेच फोन खाली केला.

"अशी कशी हसू? मरून उठली की येतं ते. बसल्याजागी नाय येत."

"मावशी, हे काढलं तर माझ्याकडे शेवटच नाही."

"शेवट पायजे तुला?" त्या उठल्या. चटई कोपऱ्यात होती, ती पसरली. "मंग तू मर."

आत. जमिनीवर.

आपण का आडवे झालो, हे चित्राला सांगता आलं नसतं. मनुबाईंच्या आवाजात ये, बस, जेव म्हणावं तसं रोजचेपण होतं.

"पाय जुलव. हात असे. जीभ टाल्याला लाव म्हंजी गला हलत नाय. श्वास पोटात घे, छातीत नको, छाती दिसते. आता कोनी काय पन बोलू दे."

तिने डोळे मिटले.

आधी एसी. मग एसीच्या मागे मशीन. त्याच्या मागे नळ, कोणीतरी चहाचे ग्लास विसळतंय, एक पडला, फुटला नाही. रिक्षा मागे घेताना कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणतंय. मनुबाईंच्या बांगड्या. त्या बहुतेक तिच्या कपाळावरचे केस नीट करत होत्या, किंवा ते केस तिचे नव्हते, कुठल्या तरी मालिकेतल्या मुलीचे होते. चटईखालची जमीन थोडी उतरती झाली. बसमध्ये कापलेला सगळा रस्ता आता तिच्या खालून हळूहळू जाऊ लागला, शीळ, मुंब्र्याचा डोंगर, खाडीचं पाणी.

एडिटर म्हणून तिने हजारो माणसं मध्येच थांबवली होती. आज तिला कोणी कट म्हणत नव्हतं.

ग्लास अजून विसळले जात होते.

सगळं चालू आहे. माझ्यावाचून. आणि मला ते सगळं ऐकू येतंय.

तिला एकदम कळलं, म्हातारीने काय केलं. काहीच नाही. ती ऐकत बसली. सून चुकून बोलली, जीभ चावली, गप्प झाली, आणि मग परत भाजी निवडू लागली. देठ मोडल्याचा आवाज. आत कुकरची शिट्टी. दारात बसलेल्या बाईला घर ऐकू येत राहिलं. तिचा चेहरा दाखवायचाच नाही. दारातून आत बघायचं, तिच्या जागेवरून, आणि घर चालू द्यायचं.

चित्रा उठली. नीट डोळे उघडायच्या आधीच खुर्चीत होती. हसण्याचा तुकडा निवडला, टाइमलाइनवरून काढला. मग त्याची वेगळी फाइल करून मनुबाईंच्या फोनवर पाठवली आणि मूळ तुकडा हार्ड डिस्कवरूनही पुसून टाकला.

"घ्या. आता फक्त तुमच्याकडे आहे."

मनुबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. स्वतःला हसताना एकदा बघितलं. फोन कमरेच्या पिशवीत टाकला.

"बरा निंगालाय," त्या म्हणाल्या. "दात तेवढा पिवला दिसतंय."

चित्रा घाईत होती. डोक्यात आवाज होते तोवर ते बसवायला हवे होते. सुदेशला सांगायला हवं होतं की चॅनेलला कळवलेला शेवट आता अस्तित्वातच नाही. तो चिडणार होता. टेबलावरचा तिचा फोन थरथरायलाही लागला, सुदेशच. तिने हात पुढे केला.

मनुबाईंनी तो आधी हातात घेतला.

"खुर्चीत कशी बसलीस गो? हसलीस कुठं?"

"मावशी, मी खोटं..."

"सगलेच खोटं मरतात. हस आधी."

चित्राने ओठ ताणले. कुठल्याशा टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू आलं.

"ह्यो नाय."

तिने पुन्हा प्रयत्न केला. छातीत काहीतरी अजून त्या उतरत्या चटईवरच होतं, ते वर यायला तयार नव्हतं. एसीचा गारवा आता तिला हातांवर जाणवला, आणि ती पहिल्यांदाच थोडी घाबरली. मनुबाईंनी ते बघितलं. बाजूची खुर्ची ओढून त्या तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. फोन थरथरतच होता. त्यांनी तो कानाला लावला.

"सुदेशभाऊ, मी मनुबाई. जरा दम धरा." त्यांनी चित्राकडे नीट बघून घेतलं. "पोर अजून मेलेली हाय."

त्यांनी कॉल बंद केला, कॅमेरा लावायला फोन चित्राच्याच हातात दिला, मग परत घेतला, आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरून थांबल्या.