वर्गाचं एकमत

बहीण दवाखान्यात ड्यूटीवर, म्हणून भाचीच्या शाळेत पालकभेटीला मला जावं लागलं. मी बस चालवते. माझ्या मापाचं त्या वर्गात काहीच नव्हतं. मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि सर काय दिवे लावतात ते बघत राहिले.

सर तसे भले गृहस्थ. उद्याचे चांगले नागरिक घडवायचे म्हणून त्यांनी सहावीत न्यायसभा सुरू केली होती. कुणाची चूक झाली की वर्ग हात वर करून निकाल देतो. ज्याच्यावर आरोप तोही मत देतो, कारण चांगल्या नागरिकाला स्वतःची चूक दिसली पाहिजे म्हणे. दोषी ठरेल त्याच्याशी आठवडाभर कुणी बोलत नाही. पालक कौतुकानं माना डोलवत होते. मला मात्र ते ऐकूनच कसंतरी झालं.

आज आरोपी होती लिंबू. वर्गात सगळ्यात लहान, खेळात कायम लिंबूटिंबू, म्हणून हे नाव. वर्गातला पृथ्वीचा गोल फुटला होता आणि काल कपाट पुसायची पाळी तिची होती.

गोल कसा फुटला ते मला माहीत होतं. काल संध्याकाळी भाजी निवडताना चिऊनं, माझ्या भाचीनं, सगळं सांगितलं होतं. घंटा झाली, सरांनी घाईघाईत कपाटाचं दार ढकललं आणि वरचा गोल कलंडला. सर तोवर बाहेर पडले होते. सुट्टीच्या गोंगाटात त्यांना पत्ताच लागला नाही. वर्गानं मात्र पाहिलं.

"मग उद्या सरळ सांग की," मी म्हणाले.

"सांगणारच आहे. मी काय घाबरते?" चिऊ म्हणाली. केवढा अभिमान वाटला होता मला तिचा.

"लिंबू दोषी आहे असं कुणाकुणाला वाटतं?" सरांनी विचारलं. मुलांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हात वर केले. चिऊ बाकाची कड नखानं खरवडत बसली होती. सर तिच्याकडे बघून हसले, अगदी मायेनं. तिचाही हात वर गेला.

माझं डोकंच फिरलं. मी उठले. "सर, गोल तुमच्या धक्क्यानं पडलाय. या सगळ्यांनी बघितलंय. विचारा आमच्या चिऊला!"

सरांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही.

"मावशी, इथे आम्ही कुणाचं तोंड दाबत नाही," ते म्हणाले आणि वर्गाकडे वळले. "मुलांनो, अगदी मोकळेपणानं सांगा. मावशींचा गैरसमज झालाय असं कुणाला वाटतं?"

मी चिऊकडे पाहिलं. ती काही केल्या माझ्याकडे बघेना. एक शब्द बोल गं पोरी, एवढंच मनात चाललं होतं.

हात वर गेले. चिऊचाही गेला, या वेळी जराही न रेंगाळता.

"एकमत?" सरांनी विचारलं.

"एक हात राहिलाय, सर," कुणीतरी म्हणालं.

फळ्यापाशी लिंबू एकटी उभी होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि मागच्या पालकांनाही दिसावा म्हणून टाचा उंचावून तिनं हात वर केला.