गप्प झालेला डोह

आमच्या ओहोळातले बेडूक गप्प झाले ते माझी नात इझ्झा गेली त्या उन्हाळ्यात. वरच्या बर्फाचं पाणी उतरलं होतं, लोकर धुवायच्या दगडावरून पोरीचा पाय निसटला आणि ती डोहात गेली. नंतर बेडूक नाहीत, चतुर नाहीत, पाण्यावरून पळणारे ते लांब पायांचे किडेही नाहीत. पाणी तसंच थंड, तळ दिसेल इतकं नितळ. पण घरात सगळे बसलेत आणि कुणी बोलत नाही, तसं. गावानं ठरवून टाकलं, डोहातल्या त्या मंडळींनी पोर नेली आणि पाठोपाठ बाकीचा जीवही नेला. त्या मंडळींचं नाव आम्ही घेत नाही.

मी हद्दा. गावातल्या निम्म्या लोकांना मी जन्माला येताना पाहिलंय, तेव्हा गाव काय ठरवतं याचं मला फारसं कौतुक नाही. पण डोहाशी उभं राहिलं की माझ्याही मानेवर काटा यायचा.

मग या वसंतात मराकेशहून नज़्हा आली. पाण्याच्या कचेरीतली मुलगी, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, हातात जाळी. सगळ्या खोऱ्याचा आराखडा व्हायचा होता. वरच्या ऑलिव्हच्या घाण्यांतून काळं, आंबूस पाणी निघतं. ते साठवायला तळं खोदायचं, पण आमच्या ओहोळाच्या माथ्यावर की पलीकडच्या कोरड्या माळावर, ते ठरत नव्हतं. माळावर खर्च जास्त. ओहोळ जिवंत निघाला तरच तो खर्च करायचा. मेलेला निघाला तर मेलेल्याच्या उशाला तळं. मग आमचे अक्रोड, अंजीर, प्यायचं पाणी, सगळं त्याच्या खाली.

नज़्हा पाण्यात उतरून पायानं दगड उलटेपालटे करायची आणि वाहून येईल ते जाळीत धरायची.

मी म्हटलं, "बाई, मासे हवेत तर बुधवारच्या बाजारात जा. इथे तुझे बूटच ओले होतील."

"मासे पळून जातात आणि परत येतात, लल्ला हद्दा. दगडाखालचे किडे कुठे जात नाहीत. पाण्याला जे होतं ते यांनाही होतं." थोरल्या बाईला लल्ला म्हणायची आमची रीत तिला ठाऊक होती.

डोहाच्या वरच्या अंगाला तिच्या पांढऱ्या तबकात वळवळ होती. शेपटीला तीन केस असलेले किडे, आणि वाळूच्या कणांचं घर अंगाभोवती बांधून चालणारे. डोहाच्या खाली तबक कोरं. दोनच लाल अळ्या, त्याही सुस्त.

"वर आहे, खाली नाही," ती म्हणाली. "मध्ये काय आहे?"

 काठावर उभा असलेला आमचा पाटकरी, दादा हमाद, खाकरला. "लिहून टाक. मध्ये ती मंडळी राहतात."

"माझ्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नाही, दादा."

"मग तुझा कागदच अर्धा आहे, पोरी."

नज़्हा हसली नाही. "अंजीर उतरतील तेव्हा पुन्हा येईन. तेव्हाही खाली काही नसेल तर मला 'मेलेला' असंच लिहावं लागेल."

त्या आठवड्यात माझं कत्रान संपत आलं. आमच्याकडे लाकूड भाजून काढलेलं हे काळं, उग्र तेल प्रत्येक घरी असतं. माठात त्याचा थेंब, चौकटीवर बोट, तान्ह्याच्या टाळूवर टिकली, म्हणजे ती मंडळी जवळ येत नाहीत. एक बुधला आम्हाला वर्षभर पुरतो. हा मी नुकताच भरून आणला होता आणि तळाला गेला होता. सगळं गाव त्याच वासाचं, त्यामुळे माझी सून तुदा, इझ्झाची आई, त्या वासात बुडालीय हे माझ्या नाकाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पाण्यावर कुणीही जात नाही त्या वेळेला, ती धाकट्याला पाठीला बांधून निघाली. मी मागे गेले. लोकर धुवायच्या दगडावर ती वाकली, एका फटीत बुधला उपडा केला. काळी तार पाण्यात उतरली आणि पसरली. पाण्यावर मोरपंखी रंग आले.

"कोणाला पाजतेस?" मी विचारलं.

ती दचकली नाही. मी येणार हे जणू तिला माहीत होतं. "खाली इझ्झा आहे, लल्ला. हाका मारते. म्हणते, भावाला पाठव, मला एकटीला करमत नाही." तिनं पाठीवरच्या पोराला हातानं दाबून धरलं. "हे ओतलं की गप्प होते."

"बेडूक गप्प होतात, अगं. किडे मरतात. त्या कचेरीच्या पोरीच्या तबकात काही आलं नाही ते तुझ्यामुळे."

"होईना का. ती तर गप्प होते ना?"

"पोटच्या पोरीच्या तोंडात कत्रान ओतायला लाज नाही वाटत?"

हे मी बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. मी बोलले. तुदा दगडावर बसली आणि तिच्या घशातून जे निघालं ते रडणं नव्हतं.

मी बुधला काढून घेतला. "नात माझी आहे. हाक मारते, तर उत्तर मी देईन. तू ओतायचं नाहीस. भाऊ जाणार नाही."

तेव्हापासून रोज दुपारी मी डोहाशी जाऊन बसायचे. काही ऐकू यायचं नाही, तरी मी बोलायचे. "इझ्झा, भाऊ लहान आहे, त्याला नाचायचंय, लग्न करायचंय. सोबत हवी तर मी येते. पण बोलावल्याबरोबर नाही, मला कामं आहेत." दादा हमाद वरच्या पाटावरून बघायचा आणि उगाच फावडं आपटायचा. एकदा म्हणाला, "लल्ला, उत्तर येतं का?"

"आलं तर तुलाच पहिल्यांदा सांगेन, म्हणजे तू पहिला पळशील."

अंजीर उतरले. नज़्हा आली, डोहाच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरली. मी काठावर उभी होते, तुदा माझ्या मागे. पहिली जाळी रिकामी. दुसरी रिकामी. तिसऱ्या तबकात नुसती वाळू दिसत होती आणि त्या वाळूतला एक कण चालायला लागला. मग दुसरा. नज़्हानं श्वास सोडला.

"वरून खाली यायला लागलेत. जिवंत लिहिते. तळं माळावर जाईल. पण मध्ये होतं काय, लल्ला?"

"तेल सांडत होतं. आता सांडत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, तुदाकडे पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. शहाणी आहे.

आता संध्याकाळी बेडूक ओरडतात. गाव खूश आहे. दादा हमाद सांगत फिरतो की त्यानंच त्या मंडळींना समजावलं. तुदा मात्र दिवे लागायच्या आत खिडकी लावून घेते, पोराचे कान पदरात धरते, आणि कत्रानाचा बुधला ठेवलेल्या पेटीकडे बघते. पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे.

तिला वेड लागलेलं नाही. बेडकांच्या गलक्यात एक आवाज बेडकाचा नाही. पूर्वी तो भावाला बोलवायचा म्हणे. मला ऐकू येतो तेव्हा एकच शब्द असतो: कधी.

मी खिडकी उघडते आणि खाली सांगते, "येते गं. अंजीर वाळत घातलेत, तेवढे आत घेऊ दे."